ठाऊक असून दिलेली गोळी

नाक गळतंय, घसा खवखवतोय, अंगात कणकण आहे. बीड जिल्ह्यातल्या गेवराईत अशा माणसाच्या हाती काय पडतं? एक सुई आणि कागदाची पुडी. पुडीत एक गुलाबी गोळी, एक अर्धी पांढरी, एक कॅप्सूल. पाकीट कात्रीनं असं कापलेलं की औषधाचं नाव मागेच राहिलेलं. त्यात अँटिबायोटिक असतंच, बहुतेकदा कारण नसताना. सर्दी विषाणूंची, आणि अँटिबायोटिक विषाणूंना मारत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक नाही असं कोणी म्हणू नये. ठाऊक असून देतात, हाच माझा आरोप आहे.

विचारलं तर सांगतात, 'नाही दिलं तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो.' जातोच. 'हेवी डोस द्या' असं तोच म्हणतो, आणि सुई न टोचणाऱ्याच्या हाताला गुण नाही, असं गाव ठरवून मोकळं होतं. पण गिऱ्हाईक टिकवणं हा दुकानदाराचा धर्म. तो वैद्यानं का पत्करावा?

औषध नियमांतली अनुसूची एच-1 1 मार्च 2014 पासून लागू आहे. तिच्यातली औषधं, त्यांत अनेक अँटिबायोटिकही आली, डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरात लिहायचं, ते तीन वर्षं जपायचं. ते रजिस्टर आपल्यापैकी किती जणांनी कधी मागितलं? अँटिबायोटिक असं उधळलं की जंतू त्याला सरावतात; 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी जगभरात 12 लाखांहून जास्त माणसं मारली.

'हेवी डोस' मागणाऱ्यांत ऊसतोडीला जाणाऱ्यांना मात्र मी वेगळं धरतो. आगाऊ उचल घेऊन गेलेल्या जोडप्याला तिथं आजारपणाची सुट्टी नाही. एक दिवस अंथरुणात काढला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. सर्दी आपोआप उतरायला सात-दहा दिवस लागतात. ज्याला एक दिवस पडून राहता येत नाही, त्यानं जालीम गोळी मागितली तर दोष त्याचा कसा? त्यात खोकला दोन आठवड्यांवर गेला तरी थुंकी तपासली जात नाही. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक दिलं की क्षय तेवढ्यापुरता दबतो, निदान लांबतं, आणि तो माणूस आपल्या झोपडीवजा कोपीत लेकराबाळांसोबत झोपत राहतो.

डॉक्टरांनी औषधाचं नाव वाचता येईल असं लिहून द्यावं, आणि गरज नसेल तिथं 'गोळी लागणार नाही' हे तोंडावर सांगावं. आजारपणाचा खाडा मुकादमाच्या वहीतून पुसला पाहिजे. त्याचे पैसे कारखान्यांनी भरावेत, याच गळीत हंगामापासून.