मध्यंतरानंतरचा सैराट

'सैराट' आवडला का असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "कोणता? मध्यंतराआधीचा की नंतरचा?" लोकांना वाटतं हा उगाच शहाणपणा करून राहिला. पण माझ्या मते ते खरंच दोन सिनेमे आहेत. पहिला सगळ्यांना पाठ आहे. विहीर, उसाचा फड, बुलेट, ट्रॅक्टर आणि ते एक गाणं. २०१६ च्या उन्हाळ्यापासून आमच्या वरूडात त्या गाण्याशिवाय निघालेली वरात मला तरी आठवत नाही. दुसरा सिनेमा हैदराबादच्या झोपडपट्टीत घडतो. त्याबद्दल मात्र "शेवट लई वाईट केला बाप्पा" यापलीकडे कुणी बोलत नाही. पहिल्या आणि शेवटच्या दहा मिनिटांच्या मध्ये जी एक पत्र्याची खोली आहे, ती आपण सगळे विसरून गेलो.

मला विचाराल तर मराठीतली सगळ्यात खरी प्रेमकथा त्या खोलीत आहे.

मध्यंतरी मला रुमानियाचे सिनेमे पाहायचा नाद लागला होता. (घरच्यांनी वेड्यात काढलं, ते असो.) क्रिस्तियान मुंजिऊ नावाचा दिग्दर्शक आहे. त्याच्या 'चार महिने, तीन आठवडे, दोन दिवस' या सिनेमाला २००७ साली कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. काळ १९८७ चा, चाउशेस्कूच्या राजवटीचा. गर्भपाताला बंदी. होस्टेलवर राहणाऱ्या दोन मैत्रिणी, त्यातली एक अडचणीत, आणि दुसरी तिच्यासाठी दिवसभर धावते. गोष्ट एवढीच. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा बराच वेळ एका जागी बसलेला. आणि सिनेमाभर चाललंय काय, तर हिशोब! हॉटेलची खोली मिळेल का, कितीला, पैसे कमी पडले तर कुणाकडे मागायचे, ओळखपत्र कुणाचं दाखवायचं. पाहताना आधी कंटाळा येतो, मग पोटात गोळा येतो. क्रिस्ती पुइऊचा 'मिस्टर लाझारेस्कूचा मृत्यू' (२००५) तसाच. एका आजारी म्हाताऱ्याला रात्रभर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरवतात, बस्स. यात प्रेमकथा कुठे आहे म्हणाल, तर त्या मैत्रिणीच्या धावण्यात आहे. त्या अँब्युलन्सवाल्या बाईच्या चिकाटीतही थोडी आहे.

हे सिनेमे पाहिल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. गरिबीतलं प्रेम दाखवायचं असेल तर भाडं दाखवावं लागतं. आपल्या हिंदी सिनेमात चाळीतले प्रेमिक पावसात गाणी म्हणतात, पण नळावर रांगेत कोण उभं राहतं ते कधी कळत नाही. रवींद्र धर्मराज यांचा 'चक्र' (१९८१) हा एक अपवाद. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा. मुंबईच्या झोपडपट्टीतली अम्मा झाली होती स्मिता पाटील. लोकार्नोच्या महोत्सवात पहिलं पारितोषिक मिळालं, स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि इथे जाहिरातीत काय लावलं, तर तिच्या आंघोळीचं दृश्य! ज्या बाईला आंघोळीला आडोसा नाही हीच तिची अडचण, तिचंच पोस्टर करून तिकिटं विकली. असो.

'सैराट'च्या उत्तरार्धात नागराज मंजुळेंनी भाडं दाखवलं आहे. पाटलाच्या वाड्यातली आर्ची वस्तीत येते तेव्हा तिला तिथला वास सहन होत नाही, जेवण उतरत नाही, आईच्या आठवणीने रडते. गावात जी गाडी उडवत फिरायची, ती कारखान्यात बाटल्यांच्या ओळीपुढे उभी राहते. भाषा तेलुगू, तीही एकेक शब्द शिकत जाते. परशा डोशाच्या गाडीवर. आणि मग जे होतं ते कुठल्याच गाण्यात नसतं. कविता करणारा, तिच्यासाठी विहिरीत उडी घेणारा हा पोरगा संशय घ्यायला लागतो आणि एक दिवस तिच्यावर हात उचलतो. पाहताना आमच्या मागच्या रांगेतला एक जण शिट्टी मारत होता तो गप्प झाला. मला तो सगळा भाग फार धाडसी वाटतो. जातीने खालचा म्हणून ज्याला मारलं, तोच एका खोलीचा मालक झाल्याबरोबर पाटलासारखा वागायला लागतो. ती निघून जाते, परत येते. त्या परत येण्यात पूर्वार्धातल्या सगळ्या स्लो मोशनपेक्षा जास्त प्रेम आहे.

आणि सुमनअक्का! छाया कदमने काय केलंय ते काम. रात्री गुंडांच्या तावडीतून सोडवते, झोपडी देते, काम देते, आणि वर फटकळ बोलते. पळालेल्या प्रत्येक जोडप्याच्या गोष्टीत अशी एखादी सुमनअक्का असते म्हणूनच ती गोष्ट पुढे जाते. नसली तर पहिल्याच रात्री स्टेशनवर संपते.

२०१८ साली 'धडक' आला, तेव्हा हे सगळं धुऊन पुसून स्वच्छ केलं होतं. उदयपूर ते कोलकाता. जात जवळजवळ गायब, आणि खोली अशी की आपल्यालाच भाड्याने घ्यावीशी वाटेल :) त्यात सगळ्यात आधी मेला तो हिशोब.

आमच्या विदर्भाची वस्ती मंजुळेंनीच २०२२ मध्ये 'झुंड'मध्ये दाखवली. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी नागपुरात झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवला, त्यावर बेतलेला. अमिताभ आहे, पण पाहायचं ते नागपूरच्या वस्त्यांतून निवडलेल्या पोरांना. "का बे" ऐकलं की आपल्याच चौकात बसल्यासारखं वाटतं. प्रेम त्यात तोंडी लावण्यापुरतं. पण रिंकू राजगुरूचा एक भाग आहे, पासपोर्टसाठी बाप-लेक कागद गोळा करत दारोदार हिंडतात, तो थेट रुमानियाचा वाटतो.

कागदावरून आठवलं. आंतरजातीय लग्न नोंदणी पद्धतीने करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात नोटीस द्यायच्या आधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. मग नोटीस कार्यालयात लागते, सगळ्यांना दिसेल अशी, आणि पुन्हा तीस दिवस थांबायचं. म्हणजे परक्या गावात जाऊन लग्न करायचं तर लग्नाआधीच दोन महिन्यांचं भाडं! दोन महिने लपून राहायचं आणि नाव मात्र भिंतीवर टांगलेलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं की सज्ञान मुलामुलींनी लग्न केलं तर घरच्यांची किंवा जातपंचायतीची संमती लागत नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवारे करण्याचा विचार सरकारांनी करावा. चांगलं आहे. पण निकाल वाचून घरमालक खोली देत नाही.

आता मुद्द्यावर येतो. हे वाचणाऱ्यांत निम्मे माझे नातेवाईक आहेत. आपल्या घरातली एक पोरगी सहा वर्षांपूर्वी गेली. "पोट्टी पयाली" एवढ्या दोन शब्दांत आपण तो विषय संपवला. लग्नपत्रिकांवरून तिचं नाव गेलं, दिवाळीच्या फोटोंतून गेलं. तिची आई, म्हणजे माझी चुलत बहीण, दर भेटीत मला बाजूला घेऊन हळूच विचारते, "जेवते का रे बरोबर?" भाऊजी घरात असले तर तेही विचारत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे नागपूरला गेलो. फोन करूनच गेलो. आंबिया बहाराची संत्री निघाली होती, एक पिशवी भरून नेली. वस्तीच्या तोंडाशी तिचा नवरा घ्यायला आला. कुरिअरच्या गोदामात काम करतो, बोलायला कमी. खोलीच्या दारापर्यंत आलो तेव्हा तो पुढे झाला आणि दारातच आडवा उभा राहिला. पिशवी त्याने घेतली नाही. माझ्या हातांकडे पाहत होता. मग माझ्या मागे गल्लीत पाहिलं, आणखी कुणी आहे का म्हणून. मला आधी राग आला. वरूडहून संत्री घेऊन आलेल्या मामाला दारात थांबवतात का? आणि मग 'सैराट'मधला तो शेवटचा पाहुणचार आठवला. आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन आलेला भाऊ, चहा ठेवायला उठलेली आर्ची.

त्याने तो सिनेमा पाहिला होता. तिनेही. आपण पाहिला तेव्हा आपण आर्ची-परशाच्या बाजूने रडलो. त्या दोघांनी पाहिला तेव्हा त्यांना दारात उभे असलेले आपण दिसलो. "शेवट असा नको होता" म्हणणाऱ्यांना मला हे सांगायचंय. तो शेवट त्या खोलीतल्या माणसांना नवीन नाही. ते रोज रात्री कडी लावताना तो पाहतात.

नंतर तिनेच त्याला बाजूला केलं, "मामा आहे माझा" म्हणाली. मी दीड तास बसलो. खोली दहा बाय दहाची, ओट्यावर एक शेगडी, पाण्याचे तीन ड्रम. पाणी पहाटे येतं, तो रात्रपाळीहून आल्यावर भरतो, मग झोपतो. ती कपड्याच्या दुकानात जाते. महिन्याचं भाडं, भिशी, गॅस, सगळं कॅलेंडरच्या मागे पेनने लिहिलेलं. भांडता का, विचारलं तर दोघंही हसले, म्हणजे भांडत असणार. संत्री सोलली तेव्हा तिने पहिली फोड खाऊन झाडाचा अंदाज केला, "विहिरीजवळच्या ओळीतली ना?" होती.

काही जण म्हणतात, आपल्याच घरची दुःखं पैसे देऊन पडद्यावर कशाला पाहायची. आपल्याकडे पाणी खोल गेलेलं, संत्र्याला भाव नाही, त्यात हे. माझं उलट मत आहे. घरची दुःखं आपण घरी कुठे पाहतो? तिच्या आईने लेकीची खोली अजून पाहिलेली नाही, पण आर्चीची खोली तिने टीव्हीवर निदान चार वेळा पाहिली आहे. उगाच नाही पाहत.

मृग बहाराची संत्री आता येतील. कुणाला पाठवायची असतील तर मी जाणार आहे. स्वतः यायचं असेल तरी सांगा. पत्ता माझ्याकडे आहे, पण त्या दोघांना विचारल्याशिवाय कुणालाही देणार नाही. भाऊजींनाही नाही.