'इंट्रो'शिवाय मैत्री होत नाही?

हॉस्टेलमधल्या पहिल्याच आठवड्यात मला ऐकवलं गेलं, "अरे, इंट्रो दिल्याशिवाय बाँडिंग होत नसतं!" तेव्हा मुकाट्याने मान डोलावली. आज फायनल इयरला मला हे साफ खोटं वाटतं. साक्षीला बोलावतोय अमेरिकेतल्या ज्यू मुलांच्या उन्हाळी शिबिरांना. दचकू नका, सांगतो!

तिथे सुट्टीत शाळकरी मुलं घर सोडून चार-चार, काही तर आठ-आठ आठवडे रानातल्या, तळ्याकाठच्या शिबिरात राहतात. यांपैकी 'रामा' शिबिरं १९४७ साली विस्कॉन्सिन राज्यात सुरू झाली. हिब्रू भाषा आणि धर्म पुस्तकातून नाही, तर रोजच्या जगण्यातून कळावा हा हेतू. पण मुलं दरवर्षी परत येतात ती दोस्तांसाठी.

एका केबिनमध्ये पोरांची पलटण. सकाळी सगळ्यांनी मिळून केबिन झाडायची, त्याला 'निकायोन' म्हणतात. जेवणानंतर टेबलं बडवत प्रार्थना. बहुतेक ठिकाणी मोबाईलला बंदी, म्हणून घरी चक्क पत्रं! शुक्रवारी संध्याकाळी अनेक शिबिरांत सगळे पांढरे कपडे घालून, गात-गात शब्बाथचं स्वागत करतात. (शब्बाथ आपल्याला परका नाही. कोकणातले बेने इस्रायली शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत.)

पहिल्या रात्री घरच्या आठवणीने बरीच मुलं रडतात. तेव्हा जवळ असतो काउन्सेलर. वय साधारण आपल्याएवढंच. बऱ्याचदा तोही कधीकाळी तिथेच रडलेला असतो. रडणाऱ्याजवळ जाऊन बसणं हे त्याचं कामच.

तिथेही सगळं गोड नसतं. कंपूबाजी असते, खोड्या असतात, फी तर अनेकांच्या आवाक्याबाहेरची. पण सिनिअर म्हणजे ज्युनिअरची जबाबदारी घेणारा, एवढं तिथे पक्कं ठरलेलं असतं. आपल्याकडे सिनिअर म्हणजे वसुली करणारा!

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. पण काय करू नये एवढंच कायदा सांगतो. काय करावं हे आपणच ठरवायचं. माझ्या साध्या सूचना: पहिला महिनाभर दर चार ज्युनिअरमागे एक सिनिअर. शुक्रवारी मेसमध्ये मोबाईल बाजूला ठेवून एकत्र जेवण. महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून कॉरिडॉर साफ करायचा, सिनिअरसकट. रेक्टर सर याला नाही म्हणतील असं वाटत नाही. एनएसएसच्या शिबिरात सात दिवस घमेली उचलताना झालेली दोस्ती आठवा. तिथे कुणी कुणाची इंट्रो घेतली होती?

शेवटी एक कबुली. सेकंड इयरला मीही एकाची इंट्रो घेतली होती. त्याचं नाव, गाव, बारावीचे मार्क मला अजून पाठ आहेत. पण तो आजही मला बघून जिना बदलतो. याला बाँडिंग म्हणायचं असेल तर म्हणा बापडे!