काळजी घ्या, पण कुणी?

परवा पर्स आवरताना घडी घातलेला एक गुलाबी कागद हाताला लागला. डिसेंबरपासून तो माझ्याकडेच राहिलाय. वर क्लिनिकचं नाव सोनेरी अक्षरांत आणि खाली 'घ्यावयाची काळजी' म्हणून चौदा सूचना. हात लावू नका. दाबू नका, चोळू नका. आज मेकअप नको. दोन दिवस जिम नको, वाफ नको, दारू नको. दोन आठवडे फेशियल नको. झोपताना उशी उंच घ्या. उन्हात जाताना सनस्क्रीन लावा. सूज आली, निळसर दिसलं तर घाबरू नका, बर्फ लावा. आणि सगळ्यात शेवटी, आमच्याकडेच मिळणारं अमुक सीरम आणि तमुक क्रीम वापरा, म्हणजे रिझल्ट टिकेल.

हा कागद बघितला की मला अजून संताप येतो. तो खोटा आहे म्हणून नव्हे. सीरम सोडलं तर त्यातल्या बहुतेक सूचना बरोबरच आहेत. संताप येतो तो त्यात जे नाही त्याचा.

तर झालं असं... (जिची गोष्ट आहे तिला विचारूनच लिहितेय.) माझी धाकटी मामेबहीण, वय ३४. नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या दोन रेघा तिला आरशात खुपायला लागल्या होत्या. एका शनिवारी दुपारी जाऊन तिनं तिथे फिलर घालून घेतलं. रात्री साडेनऊला तिचा फोन. "ताई, खूप दुखतंय गं. आणि नाकाशेजारी पांढरं पांढरं पडलंय."

फोटो मागवला. नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत फिकट पट्टा आणि त्यावर जांभळट जाळी, जशी संगमरवरावर असते तशी. क्लिनिकचा फोन वाजून वाजून बंद झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र उत्तर आलं : "नॉर्मल आहे मॅडम, बर्फ लावत राहा." पुढे एक हसरा चेहरा.

माझी एक शाळेतली मैत्रीण त्वचारोगतज्ज्ञ आहे. तिला फोटो पाठवला. तिनं दोनच प्रश्न विचारले. बोटानं दाबून सोडलं की रंग परत यायला किती वेळ लागतो? आणि घातलंय कुठलं फिलर? पहिल्याचं उत्तर आम्ही व्हिडिओ कॉलवर मोजून दिलं, सहा-सात सेकंद. दुसऱ्याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "आधी तो बर्फ काढायला सांग. आणि दोघी तडक दवाखान्यात या, मी उघडते."

त्या रात्री मला जे कळलं ते त्या गुलाबी कागदावर चार ओळींत मावलं असतं. फिलर म्हणजे जेल. बहुतेक वेळा ते हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं असतं, जे आपल्या त्वचेत मुळातच असतं. चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं. त्यातल्या एखादीत हे जेल शिरलं किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला, की पुढच्या त्वचेला रक्त मिळेनासं होतं. मग ती आधी पांढरी पडते, नंतर जाळीदार जांभळी होते, दुखणं उतरण्याऐवजी वाढत जातं, आणि वेळेत उपाय झाला नाही तर ती त्वचा मरते. बर्फानं रक्तवाहिन्या आणखी आखडतात. म्हणजे जिथे आधीच पाणी येत नाही तिथला नळही आवळायचा!

उपाय आहे. हायलुरॉनिडेझ नावाचं इंजेक्शन हे जेल विरघळवतं. पण ते फक्त हायलुरॉनिक अ‍ॅसिडचंच. कॅल्शियमच्या फिलरवर त्याचा असा उपयोग नाही. म्हणून मैत्रिणीनं नाव विचारलं होतं. नाकात किंवा भुवयांच्या मधे टोचताना हेच जेल डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि तिथे रात्रभर वाट बघायची सोय नसते. नजर अंधुक झाली तर त्याच मिनिटाला मोठं हॉस्पिटल गाठायचं. अमेरिकेच्या एफडीएनं फिलर चुकून रक्तवाहिनीत जाण्याबद्दल २०१५ सालीच जाहीर इशारा दिला होता. म्हणजे हे काही गुपित नाही.

तुम्ही म्हणाल, असं क्वचितच होतं. खरंय, क्वचितच होतं. सूज, लाली, थोडं काळंनिळं, हे नेहमीचं, आणि ते चार-आठ दिवसांत ओसरतं. पण जे आपोआप बरं होणार आहे त्यासाठी चौदा ओळी, आणि ज्यात तासातासाला नुकसान वाढतं त्यासाठी एकही नाही? उलट 'घाबरू नका, बर्फ लावा'?

माझं म्हणणं एवढंच आहे, की या कागदावरची सगळी काळजी टोचून घेणारीनं घ्यायची आहे. टोचणाऱ्यानं घ्यायची एकही नाही. ती कशी झोपेल, काय पिईल, काय फासेल, सगळं लिहिलंय. रात्री फोन कोण उचलेल हे नाही. विरघळवणारं इंजेक्शन त्यांच्या फ्रिजमध्ये आहे का, हे नाही. टोचणारी व्यक्ती डॉक्टर आहे की चार दिवसांचा कोर्स केलेली, हेही नाही. फिलरच्या खोक्यात नाव आणि बॅच नंबरच्या चिकटपट्ट्या येतात, पेशंटच्या कागदावर लावायलाच. आमच्या कागदावर ती जागा सीरमच्या जाहिरातीनं घेतली होती. आणि बिघडलं तर? "तुम्ही हात लावला असणार मॅडम." हा कागद काळजीचा नाहीच, तो हात झटकायचा आहे.

इंग्लंडात २०१३ साली सर ब्रूस कीओ यांच्या समितीनं या धंद्याची पाहणी केली. अशी इंजेक्शनं घेणाऱ्या माणसाला बॉलपेन किंवा टूथब्रश विकत घेणाऱ्यापेक्षा जास्त संरक्षण नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडे तर बॉलपेन घेतानाही आपण ते दुकानात कागदावर गिरवून बघतो...

आता दुसरी बाजू. ती लिहायला जड जातंय, कारण ती आपली आहे. इथे येणाऱ्या नात्यातल्या मंडळींनी जरा लक्ष देऊन वाचा.

पांढरा पट्टा तिला साडेपाचलाच दिसला होता. मला फोन केला साडेनऊला. मधले चार तास ती बाथरूमचं दार लावून बर्फ धरून बसली होती. का? तर घरी 'दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते' असं सांगितलं होतं. दवाखान्यात जायचं म्हणजे सासूबाईंना खरं सांगायचं. मला तरी आधी का नाही केलास, असं मी गाडीत विचारलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू दिवाळीत काय म्हणाली होतीस, आठवतंय ना?"

आठवलं. फराळाच्या ताटावर कुठल्याशा नटीच्या ओठांवरून विषय निघाला होता आणि मी म्हटलं होतं, "चेहऱ्यात भर घालण्यापेक्षा डोक्यात घालावी." सगळे खो खो हसले होते. तीही हसली होती.

केस काळे करतो, दात सरळ करून घेतो, लेकीच्या लग्नाआधी सहा महिने फेशियल करवतो. तेव्हा कुणी काही म्हणत नाही. रेघ मात्र सुईनं भरली की ती 'नसती हौस'. हौस म्हणा हवं तर. पण हौसेची शिक्षा म्हणून नाकाचा तुकडा काळा पडावा, असं आपल्यापैकी कुणाला वाटतं? आपण हसतो म्हणून मुली गुपचूप जातात. गुपचूप जायचं म्हणून स्वस्तात, ओळख न लागणाऱ्या ठिकाणी जातात. आणि काही झालं तर गुपचूपच सोसतात. त्या क्लिनिकचा धंदा अर्धा आपल्या टोमण्यांवर चालतो.

त्या रात्री मैत्रिणीनं तासातासाच्या अंतरानं ती इंजेक्शनं दिली. पहाटे पाचच्या सुमाराला त्वचेवर गुलाबी रंग परतला. नाकाच्या कडेला तांदळाएवढा व्रण राहिलाय. मैत्रीण म्हणते नशीब, फिलर विरघळणारं निघालं.

असो. करू नका असं मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. केलंत तर डॉक्टरचं नाव, रात्रीचा फोन आणि खोक्यावरची चिकटपट्टी घेतल्याशिवाय उठू नका. 'विरघळवायचं इंजेक्शन इथे आहे का' हे टोचायच्या आधी विचारा, तिथल्या माणसाचं तोंड वाकडं झालं तरी. आणि घरात एका तरी माणसाला सांगून जा. कुणी नसेल तर मला सांगा. मी हसणार नाही.