नावात बरंच काही असतं!

गेल्या महिन्यात भाचीच्या मुलीचं बारसं झालं. पाळणा सजला, घुगऱ्या वाटून झाल्या, गोविंद-गोपाळ झालं. आत्याबाईंनी बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि पाठीत सगळ्यांचे धपाटेही खाल्ले. नाव जाहीर झालं, मायरा!

"मीरा का गं?" मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं.

"नाही हो आजी, मायरा."

"म्हणजे काय?"

झालं! चार मोबाईल बाहेर निघाले. एकीच्या मोबाईलवर अर्थ होता 'प्रिय', दुसरीच्या 'प्रशंसनीय', तिसरीचं म्हणणं, शब्द मूळचा संस्कृतच. खरं तर हे नाव फुल्क ग्रेव्हिल नावाच्या इंग्रज कवीने चारशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या कवितेतल्या प्रेयसीला दिलेलं. पण ऐन बारशात मास्तरकी कशाला करा, म्हणून मी घुगऱ्या खात गप्प बसले.

नव्या नावांना नाकं मुरडायची म्हणून हे लिहीत नाहीये. मी तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली. एकेका वर्गात तीन-तीन सुनीता असायच्या. मग वैशाली-मनीषांची लाट आली, मग पूजा आणि स्नेहल, पुढे श्रावणी आणि सई. नावांची फॅशन साड्यांसारखीच असते, येते आणि जाते. सिनेमातली नावं तेव्हाही घरात यायची, आताही येतात. २०१६ साली 'शिवाय' नावाचा सिनेमा आला. आता हे नाव 'नमः शिवाय'मधलं, म्हणजे चक्क चतुर्थी विभक्तीतलं, अर्थ 'शिवाला'. आणि मराठीत शिवाय म्हणजे खेरीज! उद्या वर्गात बाई विचारणार, "शिवायशिवाय आज कोण आलं नाही?"

गमतीचा भाग सोडा. मला म्हणायचंय ते वेगळंच. नावाचा अर्थ आपण पुस्तकात आणि वेबसाइटवर शोधतो, पण खरा अर्थ ते ठेवणाऱ्याच्या मनात असतो. माझ्या आजीच्या भावाचं नाव होतं धोंडू. त्याच्या आधीची दोन मुलं गेली होती. हा तरी जगावा, काळाची नजर याच्यावर पडू नये, म्हणून आईने पोटच्या पोराला धोंडा म्हटलं. दगडू, भिकू ही नावंही अशीच. शब्द ओबडधोबड, पण आत केवढी माया!

आणि हजेरीपटावरचं दुसरं एक नाव. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी शिकवत होते, तिथे चौथीत होती 'नकुसा'. नकुसा म्हणजे नकोशी. तीन मुलींच्या पाठीवर चौथी झाली. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, हा समज. मुलगी हुशार होती, पाढे खडाखडा म्हणायची. हजेरी घेताना मी तिला 'नकू' म्हणायची आणि आपण किती प्रेमळ, असं समाधान मानायची. हिच्यासाठी दुसरं नाव शोधावं, तिच्या वडिलांशी बोलावं, हे काही मला सुचलं नाही. ती बोच आजही आहे.

ते काम पुढे २०११ च्या ऑक्टोबरमध्ये झालं. साताऱ्यात एका समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावं मिळाली. कुणी वैशाली झाली, कुणी ऐश्वर्या. फार चांगलं झालं. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. नाव बदललं तरी मन बदललं नव्हतं.

आता तरी बदललंय का? भाचीची ही दुसरी मुलगी. पाचव्या महिन्यापासून घरात मुलाचं नाव ठरलेलं होतं. मुलीचं? ते सापडलं अकराव्या रात्री, मोबाईलवर. कुणी 'नकुसा' म्हटलं नाही, पेढ्यांऐवजी बर्फी मात्र वाटली. हौसेने मुलाचं नाव आधीच ठरवता ना, मग मुलीचंही तितक्याच हौसेने ठरवून ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि एकदा दिलंत की ते तिचं तिला राहू द्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव सक्तीचं केलंय. म्हणजे मायराच्या नावाला तिच्या आईचं नाव लागणार. मग उद्या लग्नात ताटभर तांदळात अंगठीने नवं नाव लिहून हे नाव पुसायचं कशाला? मी माझं नाव असं बदलू दिलं होतं. आज माहेरी कुणी जुन्या नावाने हाक मारली की क्षणभर ओ द्यायचंच विसरते.

निघताना मी बाळाच्या मुठीत नोट ठेवली आणि हाक मारली, "मायरा!" तिने डोळे किलकिले करून पाहिलं. अर्थ काय ते तीच ठरवील. आपण फक्त ते नाव मायेने घ्यायचं.