कलावंताच्या दारात गाडी थांबते काय?

दसरा झाला, सोयाबीनच्या राशी उरकल्या, ऑक्टोबरचे ऊन जरा नरमले की शहरातल्या सुखवस्तू मंडळींना खेडे आठवते. सुट्टीच्या दिवशी मोटार काढायची, रमतगमत जायचे आणि वाटेत एखाद्या कलावंताच्या घरी थांबून त्याचे काम पाहायचे, विकत घ्यायचे. ही हौस वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. डहाणूकडच्या गंजाडला जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे देशोदेशी गेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी तर गुरांच्या गोठ्यातच कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीचे संग्रहालय उभे केले. 2021 साली पद्मश्री त्यांच्याही दारात आली. आदिवासी कलावंताला मान मिळाला याचा आनंद आपल्याला नाही तर कोणाला होणार?

पण नांदेडहून निघालेली हीच मोटार लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला पोचेपर्यंत कोणाच्या दारात थांबते? फार तर वाट वाकडी करून कंधारचा किल्ला पाहील, पुढे औसा तालुक्यातल्या खरोशाला जाऊन जांभ्या दगडातली लेणी पाहील. राजघराण्यांची नावे सांगायला माहितगार असतात. छिन्नी ज्याने चालवली त्या पाथरवटाचे नाव कोणी विचारत नाही.

या रस्त्याला जिवंत कलावंत नाहीत काय? गावागावात आहेत, फक्त गावकुसाबाहेर आहेत. शेकोटीच्या धगीवर हलगी तापवून तिचा सूर नेमका कुठे चढतो हे कानाने ओळखणारा मातंग बांधव आहे. केकताडाचा दोर वळणारे हात आहेत. शिंदीच्या पानांची केरसुणी बांधणारी बाई आहे. दिवाळीला तीच केरसुणी नवी आणून, हळदकुंकू लावून, लक्ष्मी म्हणून वाड्यावाड्यात पुजली जाते, आणि ती बांधणारी मात्र उंबऱ्याबाहेर उभी राहून पैशाची वाट पाहते! वस्तूला देवपण आणि करणाराला विटाळ, हा मनुवादी व्यवस्थेचा हिशोब आहे. शहरातल्या चित्रकाराच्या खोलीला स्टुडिओ म्हणतात. हिच्या ओसरीला नावच नाही.

मात्र इथे आपणही सावध राहिले पाहिजे. 'परंपरागत कला जपा' असा गळा काढणारे हल्ली फार झाले आहेत. कोणी जपायची? ज्याच्या माथी ती जन्माने मारली त्यानेच? बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले ते याच बेड्या तोडण्यासाठी. धर्मांतरानंतर आपल्या माणसांनी गावकीची कामे नाकारली, त्यापायी बहिष्कार सोसला. हलगी बुडावी म्हणून नव्हे, हलगी वाजवण्याचा हुकूम बुडावा म्हणून. तेव्हा गाडीतून उतरणाऱ्याने आधी दर विचारावा, घासाघीस न करता द्यावा आणि त्या घरची पोरगी कॉलेजात जाऊन हे काम करणार नाही म्हणाली तर हळहळू नये.

आता थोडे आपल्या घरात पाहू. संसदेच्या आवारात 1967 साली बाबासाहेबांचा पुतळा बसला. 2024 मध्ये तो मूळ जागेवरून हलवून प्रेरणा स्थळात नेला, तेव्हा संताप झाला आणि तो रास्तच होता. पण तो घडवणारे ब्रह्मेश वाघ हे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? लातूरला 2022 साली सत्तर फुटांच्या घरातला पुतळा उभा राहिला. त्याच्यासमोर फोटो काढणाऱ्यांची रीघ असते. शिल्पकार कोण, असे विचारणारा आम्हाला अजून भेटायचा आहे. गावच्या विहारासाठी बुद्धमूर्ती हवी असली की आपण थेट दूरच्या शहरातल्या दुकानात जातो. तालुक्यात मूर्ती घडवणारा कोणी आहे का, याची चौकशीही करत नाही. वर्गणी आपल्या माणसांची, काम मात्र भलत्याला.

आणि आपले पेंटर? जयंतीचे फलक, निळ्या झेंड्यावरचे अशोकचक्र, विहाराच्या भिंतीवरची धम्मदीक्षा हे सारे ज्यांनी ब्रशने रंगवले, ती एक अख्खी पिढी फ्लेक्सच्या मशिनीने घरी बसवली. त्यांची नोंद कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या कमिटीच्या वहीत नाही.

लोह्याच्या अलीकडे एका वस्तीवर असा एक पेंटर राहतो. विहाराच्या भिंतीवर त्याने तरुणपणी काढलेले बाबासाहेब अजून आहेत. चष्म्याची डावी काडी मनासारखी जमली नाही, असे तो दर वेळी सांगतो. कोणी रंगाचे पैसे दिले तर मजुरी न घेता पुन्हा काढीन म्हणतो. यंदाच्या जयंतीला कमिटीने त्याच भिंतीवर फ्लेक्स लावला. चार कोपऱ्यांना चार खिळे ठोकले, त्यातला एक नेमका चष्म्यावर.