नावापाशी थांबलेली मैत्रीण



मागच्या शिबिरात सकाळच्या प्रार्थनेला एक ख्रिस्ती मैत्रीण ‘पित्या’ या शब्दापाशी गप्प झाली. नंतर म्हणाली, “बापाचा मार खातच वाढले. तो शब्द तोंडातून निघत नाही.” तिचं ते गप्प होणं माझ्या मनातून जाईना.

हिब्रू बायबलमध्ये देवाचं नाव चार व्यंजनांचं आहे. यहुदी परंपरेत ते उच्चारत नाहीत. वाचताना त्याजागी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, म्हणतात. ग्रीकमार्गे हाच ‘प्रभू’ ख्रिस्ती उपासनेत आला. २००८ साली व्हॅटिकननेही ते नाव उपासनेत आणि गीतांत उच्चारू नये, असं कळवलं. यामागचा आदर मला मान्य आहे. पण नावाच्या जागी येऊन बसला तो धनीच!

निर्गमच्या पुस्तकात मोशे नाव विचारतो. त्याला मिळालेलं उत्तर ‘असणं’ या क्रियापदाचं प्रथमपुरुषी रूप आहे, आणि हिब्रूत त्या रूपाला लिंग नसतं. मराठीत मात्र देव ‘म्हणाला’ की ‘म्हणाली’, हे ठरवावंच लागतं. ते कोणी ठरवलं, हे आपण कधी विचारलंच नाही.

तरी वाट मराठीतच आहे. विठ्ठलाला ‘विठाई’ म्हणणारी ही भाषा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तालाही ‘माउली’ म्हटलं. यशयाच्या पुस्तकात देव आईसारखं सांत्वन करतो. लूकच्या शुभवर्तमानात येशू पिल्लांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःला देतो. तेव्हा हे काही आम्ही बाहेरून आणलेलं खूळ नव्हे.

अर्थात ‘आई’ म्हटलं की प्रश्न मिटला, असंही नाही. त्यागमूर्ती माउलीचं ओझं आपण सगळ्याच ओळखतो. शिवाय देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये, ही आज्ञा बायकांनाच ऐकवली जाते. मार खाणाऱ्या बाईला ‘लग्न देवाने जुळवलंय’ म्हणून परत त्याच घरी धाडणं, हेच माझ्या मते ते नाव व्यर्थ घेणं.

पुढच्या शिबिरात प्रत्येकीने आपल्याला घेता येईल त्या नावाने हाक मारावी. जिला जमणार नाही तिने गप्प राहावं, आणि तिला कोणी टोकू नये. नावापाशी थांबणं हीदेखील उपासनेची जुनीच रीत आहे.

तुमच्या मंडळीत काय घडतं, ते जरूर कळवा.