जामीन राहिलेला पाद्री

निर्वासितांना देशात घ्यायचे तर त्यांचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न निघाला की कॅनडाचे उदाहरण हटकून दिले जाते. तिथे सामान्य नागरिकांचे गट निर्वासित कुटुंबाची जबाबदारी उचलतात. १९७९ मध्ये असा पहिला व्यापक करार सरकारशी केला तो मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मदतसंस्थेने. पण या पंथाने जामिनकीचा धडा त्याआधी अर्धशतक गिरवला होता आणि तो फार महागात पडला होता. डेव्हिड टोव्स या पाद्र्याच्या चरित्राकडे भक्तिभावाने पाहण्यापेक्षा हिशेबाच्या नजरेने पाहावे, असे मला वाटते ते यासाठी.

टोव्स स्वतः स्थलांतरित. १८७० मध्ये रशियात व्होल्गाकाठच्या वसाहतीत जन्म, लहानपणी आईवडिलांबरोबर मध्य आशियाची फरपट, १८८४ मध्ये अमेरिका, १८९३ मध्ये कॅनडा. सस्कॅचवानमधल्या रोस्थर्न गावी ते आधी शिक्षक आणि मग धर्मोपदेशक झाले. क्रांती, यादवी आणि दुष्काळ यांनी रशियातले मेनोनाइट उद्ध्वस्त झाले, तेव्हा कॅनडाचे दार बंद होते. शस्त्र न धरणाऱ्या या पंथाला १९१९ च्या आदेशाने प्रवेशबंदी केली होती. १९२२ मध्ये ती उठली. पण प्रवासाला पैसा कुठला? कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने उधारीवर माणसे आणायची तयारी दाखवली आणि समाजाच्या मंडळाच्या वतीने टोव्स यांनी करारावर सही केली. उद्या आपल्या शेतांवर जप्ती येईल, या भीतीने त्यांच्याच समाजातून विरोध झाला. ती भीती वेडगळ मुळीच नव्हती. १९२३ ते १९३० या काळात वीस हजारांवर लोक आले आणि त्यांतल्या बहुसंख्यांचे तिकीट उधारीचे होते. मग मंदी आली, गव्हाचे भाव कोसळले, अवर्षण पडले आणि व्याज चढत गेले. कर्ज फिटले ते १९४६ च्या अखेरीस; पुढच्या फेब्रुवारीत टोव्स वारले. मधल्या काळात कित्येक घरांतल्या तरुण मुली विनिपेग, सस्काटून, व्हँकुव्हरच्या श्रीमंतांकडे घरकामाला राहिल्या आणि त्यांच्या पगारातून हप्ते गेले. समाजाच्या सचोटीचे गोडवे गाताना या मुलींचा उल्लेख ओझरताच होतो, हे खटकते.

यावर कोणी म्हणेल, कर्ज फिटले ना? मग पद्धत यशस्वीच. फिटले खरे, पण रेल्वेने व्याजाचा मोठा भाग सोडून दिल्यावर. शिवाय रेल्वेचा हा काही दानधर्म नव्हता. तिला आपल्या लोहमार्गालगतच्या जमिनी कसणारे हात आणि गाड्यांना माल हवा होता. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हे लोक गोरे, युरोपीय आणि शेतीत तरबेज होते, म्हणून जामीन चालला. ते मान्यच करावे लागते. मेनोनाइटांची पहिली तुकडी १९२३ च्या जुलैमध्ये उतरली, त्याच महिन्यात चिनी लोकांना जवळजवळ पूर्ण बंदी करणारा कायदा कॅनडात लागू झाला. कोमागाता मारू जहाजावरच्या पंजाबी प्रवाशांना १९१४ मध्येच परत धाडले होते. इतकेच काय, १९२९ मध्ये हजारो मेनोनाइट मॉस्कोबाहेर सुटकेच्या आशेने जमले, तेव्हा टोव्स यांनी कॅनडाच्या सरकारकडे केलेल्या विनवण्या फारशा कामी आल्या नाहीत. अनेकांना सोव्हिएत पोलिसांनी परत हाकलले. जे जर्मनीपर्यंत निसटले, त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे पॅराग्वे आणि ब्राझील गाठावे लागले. जामीन तोच होता. गरज मात्र सरली होती.

म्हणून १९७९ च्या करारातला बदल मला मोलाचा वाटतो. त्यात पहिल्या वर्षाचा राहण्याजेवण्याचा भार आधीपासून स्थिरावलेल्यांनी घेतला. जीव वाचवून आलेल्याच्या डोक्यावर तो ठेवला नाही. तरीही सरकार प्रवासखर्च अनेक निर्वासितांना कर्जाऊच देत राहिले आणि २०१८ पर्यंत त्यावर व्याजही लावत होते. टोव्स यांची सही ज्यांना आदर्श वाटते, त्यांनी या कर्जाची बाजू कशी घेता येते ते एकदा सांगावे.